उशाकडच्या विटा

वहीत तीन रकाने आहेत :
झोपून, बसून, उभं राहून.
सकाळी साडेसहा. झोपून एकशे अडुसष्ट.
बसून एकशे तीस.
उभं राहून – मशीन फुगतं, सुस्कारा टाकतं,
अठ्ठ्याऐंशी दाखवतं,
आणि आबांचा चेहरा
सुट्टीच्या दिवशीच्या उद्यमनगरासारखा ओस पडतो.
"दिवा गेला बग," म्हणतात.
मी काखेत हात घालून उभी.
"आला. आला परत."

गुंडू लोहार, मोल्डर, शिरोलीत चौतीस वर्षं.
काळ्या वाळूत कोपरापर्यंत हात.
मूठ आवळून वाळूची ओल सांगायचे,
लॅबचा पोरगा आकडा आणेपर्यंत
इकडे साचा बंद.
आता तोच अंगठा तर्जनीवर
नसलेली वाळू चोळत बसतो दिवसभर.
पाहुण्यांनी बघितलं तर म्हणतात,
"ओल बगतोय."

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी
औषधाच्या चिठ्ठीमागं मेंदू काढला,
तळाशी दोन रेघा पेनानं गिरवल्या.
इथं काळा भाग असतो, म्हणाले,
पेशी मरतात तसा फिका होत जातो.
हात थरथरायला लागतो
तोवर निम्म्याहून जास्त गेलेला असतो.
आबा कागदावर वाकून राहिले खूप वेळ.
"म्हंजी वाळू संपत आली.
आन् आमास्नी धक्का लागल्यावर कळतंय."

वास त्याही आधी गेला होता.
आई हयात होती तेव्हा,
रविवारी तांबड्या रश्शाचं ताट सारून म्हणाले,
ह्याला कायबी वासच न्हाई.
तीन दिवस दोघं बोलली नाहीत.
आईनं मसाला बदलला, डंख बदलला,
कांदा चुलीत भाजून बघितला.
रस्सा चांगला होता, आई.
हे सांगायला आता डॉक्टर आहेत,
तू नाहीस.

उठलं की रक्त पायांत उतरतं, सगळ्यांचंच.
शिरांना निरोप जातो : आवळा.
आबांचा निरोप्या
वाटेत कुठंतरी पारावर बसून राहतो.
म्हणून उठायच्या आधी दोन पेले पाणी,
पोटऱ्यांना घट्ट मोजे,
आणि मीठ. जास्तीचं मीठ!
शेजारच्या मालूताईंना सगळं अळणी,
आमच्यात पापड, खारी मिरची, वर आणि लोणचं.
"बीपीला मीठ?" त्या मला दारात धरून विचारतात,
मी सांगते, त्यांना पटत नाही,
मलाही रोज सकाळी नव्यानं पटवून घ्यावं लागतं.

कारण झोपलं की उलटं.
आडवं झालं की चढतं,
रात्रभर चढलेलं राहतं.
म्हणून कॉटचं उसं उंच हवं, म्हणाले.
बाबालाल मुल्ला एम-एटीवरनं घेऊन आले
भट्टीच्या अस्तराच्या दोन विटा,
एका बाजूनं काचेसारख्या वितळलेल्या.
"चौदाशे डिग्री सोसल्यात गुंडू,
तुझं डोस्कं काय जड हाय त्यास्नी?"
दोघं हसले. आबांचं हसू
चेहऱ्यावर यायला जरा उशीर झाला,
बाबालाल थांबले तेवढं.

एकदा दुपारी, ते अंगणात असताना,
मी त्या कॉटवर पडून बघितलं.
घसरतो माणूस पायाकडं, हळूहळू.
टाचा रोवून धरावं लागतं.
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

परवा मला बँकेत उशीर झाला.
घरी आले तर
आबा कॉटच्या कडेला बसलेले,
कपाळाला खोक नाही, पेला रिकामा,
मशीनचा पट्टा दंडावर उलटा गुंडाळलेला.
वहीत त्यांनी स्वतः लिहिलं होतं.
हल्ली त्यांचं अक्षर
ओळीत पुढं जाईल तसं बारीक होत जातं.
झोपून : एकशे एकाहत्तर.
बसून : आकडा, बहुतेक एकशे वीस.
तिसऱ्या रकान्यात वाळूचे दोन-चार कण.
मी खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, खाली केला.
आकडा नव्हता तो.
उभं राहून –
"राहिलो."